न छाटलेलं कुंपण

९ फेब्रुवारी

धाकट्या,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच टाकून द्यावंसं वाटलं असेल, तर त्यात तुझी चूक नाही. पण काम तुझ्याशिवाय अडलंय. एका बाईंना आपल्या भांडणात बसायचंय.

म्हणजे असं. परवा एक बाई आल्या. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण, काखेत घडीचं स्टूल. कॉलेजात शिकवतात आणि शेताच्या कुंपणातली बारकी पाखरं काय खातात, कुठं खातात, याचा अभ्यास करतात. आजवर बावीस कुंपणं पाहिली म्हणाल्या. तुझ्या-माझ्या शेताच्या मधल्या कुंपणापाशी आल्या आणि तिथंच थबकल्या.

"हे कुणी छाटत नाही का?"

मी म्हटलं, "नाही. वाद आहे."

"किती वर्षं?"

"अकरा."

त्यांचा चेहरा असा खुलला की बास. आपल्या वादानं कुणाला आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांना एप्रिलपर्यंत रोज सकाळी दोन तास तिथं बसायचंय. मी बसा म्हणणारच होतो, तेवढ्यात तुझी वहिनी आतून म्हणाली, "कुंपणाचा निकाल लागलेला नाही. दोघांना विचारा." बाईंनीही मान डोलावली. म्हणून विचारतोय. हरकत नसेल तर दोन ओळी टाक.

जाता जाता दुसरं एक. सोबत एक कागद आहे. हद्दीच्या नोंदीचा आहे, खास काही नाही. खाली पेन्सिलीनं फुली मारलीय तिथं सही करून पाठव. वाचत बसायची गरज नाही.

वहिनी ठीक. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. तुझं लेथवरचं काम अजून त्याच कारखान्यात आहे असं धरून हा पत्ता घातलाय.

दादा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. चार शब्द. "बसू दे. पाखरं कुठली?" सहीचा कागद काही आला नाही. असो.

तुझ्या प्रश्नानं माझी पंचाईत केली. एकोणसाठ वर्षांचा झालो, जन्म शेतात गेला, आणि मला पाखरं दोनच माहीत. कावळा, आणि कावळा नसलेलं. तुला उत्तर द्यायचं म्हणून बाईंकडे गेलो आणि म्हटलं, "माझ्या भावाला नावं हवी आहेत." त्या म्हणाल्या, "नावं नंतर. आधी बसा." मोटारीच्या खोलीतला जुना बाक ओढून आणला आणि बसलो.

त्यांनी हातानं हवेत एक दार काढून दाखवलं. तेवढ्याच जागेकडे पाहायचं. नजर कुठं फिरवायची नाही, मान वळवायची नाही, बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं मला फक्त पानं दिसली. गुडघा दुखायला लागला. उठावं असं मनात आलं, आणि तेवढ्यात तळाच्या सुक्या काटक्यांत एक पान हललं. वारा नव्हता. मग त्या पानाखालून शेपटी आली. अंगठ्याएवढं पाखरू, शेपटी सरळ वर, जणू कुणी सुई टोचून ठेवलीय. तो शिंपी. एक पान वर करून खालून बघायचा, सोडायचा, पुढचं पान. आपण बाजारात वांगी उलटून बघतो तसं. तिसऱ्या की चौथ्या पानाखाली त्याला काहीतरी मिळालं.

मधल्या फांद्यांवर वटवट्या. नावाप्रमाणे तोंड बंद म्हणून नाही. ते काडीच्या बेचक्यात चोच घालून कोळ्याची जाळी उसवत होते. तेवढ्यात वरून पंधरा-वीस पोपटी ठिपके आले, डोळ्याभोवती पांढरं कडं, म्हणून त्यांना चष्मेवाला म्हणतात. ते शेंड्याच्या पानांना उलटे लटकून पानाची खालची बाजू साफ करायला लागले. बाजूच्या गवताच्या तुऱ्यावर मुनिया बसली की तुरा वाकायचा, आणि ती तशीच वाकलेली बी सोलायची. बुलबुलांचं लक्ष फक्त लाल फळांवर.

एक दार, धाकट्या. आपल्या घराच्या दाराएवढी जागा. त्यात पाच जणांचे पाच संसार, आणि कुणी कुणाच्या पानाला हात लावेना. वरचे चष्मेवाले पान झटकायचे तेव्हा एखादा किडा निसटून खाली पडायचा, आणि खाली शिंपी उभाच. ही सगळी वरात सहा-सात मिनिटांत आमच्या समोरून सरकत पुढं गेली आणि कुंपण पुन्हा नुसतं कुंपण झालं. 

बाईंना विचारलं, "हे रोज होतं?"

"दिवसातून पुष्कळदा."

"आणि मी कुठं होतो?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "इथंच असाल. कामात."

वर नावं दिली आहेत. शिवाय सातभाई आहेत. ते खालचा पाचोळा उधळत टोळीनं हिंडतात, आणि दिवसभर एकमेकांवर ओरडतात, पण वेगळे होत नाहीत. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघून कप ठेवला आणि गेली.

दादा


१३ मार्च

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस तरी लिहितोय. आता रोज पहाट फुटली की बाकावर असतो. वहिनी म्हणते, लग्नानंतर एवढा वेळ तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

आधी चांगलं सांगतो, मग वाईट.

कुंपणाच्या माझ्या अंगाला यंदा कोबी आहे. बाईंनी विचारलं, "तुमच्या कोबीची पानं मोजली तर चालेल?" मी म्हटलं मोजा. कुंपणाला लागून असलेल्या पहिल्या सरींत दहा पानांत दोन-तीन पानांना अळीची भोकं. पंधरा पावलांवर चार. चाळीस पावलांवर दहातली आठ पानं चाळणी झालेली. कागदावर त्यांनी आकडे मांडले तेव्हा मी म्हटलं, "हे मला ठाऊक आहे. कुंपणाकडच्या सरी कायम चांगल्या येतात. तिथली माती कसदार आहे."

त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बाकाचं तोंड कुंपणाकडून कोबीकडे फिरवलं, एवढंच.

तेव्हा दिसलं. वटवट्या कुंपणाच्या कडेच्या काडीवर येतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, वर बघतो. मग सुटतो, तो तीरासारखा जमिनीलगत कोबीत. पानावर उतरतो, अळी काढतो, आणि परत काटेरी फांदीवर. तिथं अळीला दोन-तीन वेळा आपटून आतला चोथा काढतो आणि मगच पुढं जातो. कधी दहा पावलं जातो, कधी वीस. तिसाच्या पुढं गेलेला मी एकही पाहिला नाही. मी विचारलं, एवढा कोबी पुढं मोकळा पडलाय, तिकडे अळ्याही जास्त, मग हा जात का नाही?

परवा त्याचं उत्तर मिळालं. कुंपण किलबिलत होतं, आणि एकाएकी, रेडिओचं बटण बंद केल्यासारखं, सगळं गप्प झालं. एक पान हलेना. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. कोबीवरून एक राखाडी सावली गेली. शिक्रा, पाखरं उचलून नेणारा शिकारी पक्षी. तो कुंपणाच्या डोक्यावर आला, आत घुसायला पाहिलं, काट्यांना अंग लागलं आणि निघून गेला. त्या काट्यांत, आमच्यापासून हातभर अंतरावर, एक वटवट्या फांदीला चिकटून बसला होता. त्याचं छातीवरचं पीस न् पीस धडधडत होतं. बाई म्हणतात, त्याचं वजन दोन चमचे साखरेएवढं असतं. दोन चमचे साखर, आणि ती दर दोन-चार मिनिटांनी या काट्यांतून उघड्यावर जाते आणि परत येते. तीस पावलं म्हणजे त्याच्या जिवाचा हिशेब आहे. जिथून काट्यात परत पोचता येईल तेवढंच.

ती माती कसदार नाही, धाकट्या. ती माती बाकीच्या शेतासारखीच आहे. तिथं पाखरं होती.

आता वाईट सांगतो. तू जाणतोसच की मी ती पट्टी कशासाठी मागत होतो. कसदार मातीसाठी. आठ फूट रुंदीचं कुंपण काढलं की तेवढी सोन्यासारखी जमीन मिळेल, असं मी चारचौघांत ओरडून सांगितलं होतं. आणि गेल्या महिन्यात तुला जो कागद पाठवला, तो साधा नोंदीचा नव्हता. त्यात लिहिलंय की कुंपणाची पट्टी माझी, तुझी काही हरकत नाही. सही आली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोदायचं मशीन येणार होतं. मशीनवाल्याशी बोलणं झालं होतं. बाईंना बसायची परवानगी मागितली, ती तुझी सही मागायला निमित्त मिळालं म्हणून. त्यांचा अभ्यास एप्रिलपर्यंत, आणि मशीन एप्रिलात. बरोबर जुळत होतं.

तू सही केली असलीस तर तो कागद फाड. केली नसलीस तरी फाड. मशीनवाल्याला मी काल नको म्हणून आलो.

आज वटवट्याच्या घरट्यात पिल्लं निघाली. घरटं गुडघाभर उंचीवर आहे, दोन पानं शिवून केलेल्या पिशवीसारखं. शिंप्याचं काम शिंप्यालाच येतं असं मला वाटायचं, पण यालाही येतं.

दादा


३ एप्रिल

धाकट्या,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण ते करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मागच्या पत्रानंतर सहा दिवसांनी बाईंना बरं नव्हतं. पिल्लं सहा दिवसांची होती, आणि पूर्ण दिवसाची मोजणी त्याच दिवशी व्हायला हवी होती. मी म्हटलं, मी मोजतो. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत बसलो. वहिनीनं डबा बाकावरच आणून दिला. नर-मादी मिळून एकशे एक्क्याऐंशी वेळा चारा घेऊन आले. प्रत्येक वेळी मी वहीत रेघ ओढली. दुपारी ऊन तापलं, माझे डोळे मिटायला लागले, पण ते दोघं थांबले नाहीत. मादी येताना अळी घेऊन यायची, जाताना पिल्लाची घाण चोचीत धरून लांब टाकून यायची. एकदा दोघं एकदमच आले. नर बाजूच्या काडीवर थांबला, तिला आधी जाऊ दिलं.

मी सकाळी मोजायला बसलो तेव्हा माझ्या अंगात शेतकरी होता. एवढ्या अळ्या माझ्या कोबीतून गेल्या, असं मनात धरत होतो. दुपारनंतर ते सुटलं. संध्याकाळी वही मिटली तेव्हा मी हात जोडले. कुणाला, ते विचारू नकोस. मला माहीत नाही.

वटवटे कधी तुझ्या शेतात जायचे, कधी माझ्या. मी खुणा करून ठेवल्या. ब्याण्णव तुझ्याकडून, एकोणनव्वद माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी मी मोजणीचा अर्ज दिला.

काल मोजणीदार आला. तुझी जमीन कसणारा तो रिटायर्ड वायरमन होता, सरपंच होते, आणि अकरा वर्षांपूर्वी आपल्या वादाच्या बैठकीला जे होते त्यांतले जिवंत आहेत ते चौघं मी मुद्दाम घरी जाऊन बोलावले होते. मोजणीदारानं तिपाई उभी केली, नकाशा पसरला, आणि विचारलं, "हद्दीचा दगड कुठला?"

वायरमननं तुझ्या अंगाचा दगड दाखवला.

मी म्हटलं, "तो दगड तिथला नाही."

मोजणीदार म्हणाला, "मग कुठला?"

"माझ्या अंगाचा. आंब्याच्या खुंटापासून सहा पावलांवर. आमचे वडील, आप्पा, गेल्यावर महिन्याभरानं मी तो पहारीनं काढला आणि कुंपणाच्या पलीकडे नेऊन पुरला. माझा भाऊ तेव्हा बैठकीत जे सांगत होता ते खरं होतं. मी त्याला तुम्हा सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. खोटारडा मी होतो."

मी हे पाठ केलं होतं.   सरपंचांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. चौघांतले सगळ्यांत म्हातारे, मागच्या गल्लीतले सुतारबाबा, मला म्हणाले, "एवढा जड दगड एकट्यानं नेलास?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "पाठ नाही मोडली?" मी म्हटलं, "तेव्हा नाही."

मोजणीदारानं मोजलं. आकडा बोटभर चुकला नाही. कुंपण आठही फूट तुझं आहे. नकाशाची प्रत सोबत ठेवलीय. दगड वायरमननं आणि मी परत जागेवर लावला, दोघांनी मिळून. गावात आता काय बोलतात ते वहिनीला विचार, मला कुणी तोंडावर बोलत नाही. आज दुकानात गेलो तर बोलणं थांबलं. शिक्रा आल्यासारखं.

वहिनीला हे माहीत नव्हतं. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई जाताना भाऊजींचं नाव घेत होत्या. तेव्हा तरी सांगायचं होतंत." 

तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुझं कुंपण तुझ्या नावावर झालं, हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. त्याचं काय करायचं ते तू ठरव. काढायचं असलं तर काढ, मी आड येणार नाही. फक्त वटवट्याची दुसरी वीण होईपर्यंत थांब, एवढं मागतो. बाई म्हणतात ऑगस्टअखेर.

दादा


१२ एप्रिल

धाकट्या,

तू आत झोपला आहेस, आणि मी ओट्यावर बसून तुला पत्र लिहितोय. वहिनी म्हणते, याला वेड लागलंय, मधे एक भिंत आहे, जाऊन बोला. पण मला तोंडानं येत नाही. मोजणीच्या वेळी बोललो ते पाठ केलेलं होतं. हे पाठ करता येण्यासारखं नाही.

आज सकाळी मी बाकावर होतो. कुंपणाच्या पलीकडे मला बूट दिसले. काटक्यांच्या फटीतून आधी फक्त बूट, तेलाचे डाग पडलेले. मी ओळखलं नाही असं तुला वाटलं असेल. ओळखलं. हाक मारली नाही, कारण तू हलत नव्हतास. तू उकिडवा बसला होतास, लहानपणी बसायचास तसा. पलीकडच्या फांदीवर चष्मेवाले लटकले होते, आणि त्यांतला एक तुझ्या टोपीपासून वीतभरावर पान उलटत होता. मी चष्मेवाल्याकडे पाहत होतो की तुझ्याकडे, मला सांगता येणार नाही. अर्धा तास तरी गेला असेल. आपल्यात आठ फूट काटे, आणि त्यात तीस-चाळीस पाखरं जेवत होती.

मग तू म्हणालास, "दादा, हा शेवटी उलटा का होतो?"

मी म्हटलं, "पानाच्या खाली बारकी माशी असते. वरून दिसत नाही."

तू म्हणालास, "हं."

अकरा वर्षांनंतर आपण एवढंच बोललो. मग तू वळसा घालून घरी आलास, वहिनीच्या पाया पडलास, दोन घास खाल्लेस आणि प्रवासानं थकून झोपलास. माझ्याशी काही बोलला नाहीस. तेही बरोबरच.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. मोजणीच्या वेळीही नाही, वहिनीलाही नाही.

मी दगड हलवला तो जमिनीसाठी, असं सगळ्यांना वाटतं. मलाही तसंच वाटून घेणं सोयीचं होतं. लोभी म्हणवून घेतलेलं परवडतं. खरं असं आहे, की आप्पांच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू त्यांची औषधं आणायला गेला होतास. त्यांनी मला जवळ बोलावलं. शेताची वाटणी कशी ते सांगितलं. मग म्हणाले, "कुंपण धाकट्याकडे राहू दे. त्याला त्याच्या आतलं दिसतं. तुला नुसते काटे दिसतात."

आणि म्हणाले, हे त्याला सांग. माझ्या तोंडून राहून गेलं तर तू सांग. त्याच रात्री त्यांची वाचा गेली.

तू लहानपणी तासन् तास कुंपणाशी बसायचास, आणि मी तुला कामचुकार म्हणायचो. आप्पाही म्हणायचे. मला वाटायचं, या बाबतीत तरी ते माझ्या बाजूला आहेत. नव्हते. ते तुला बघत होते आणि तुला सांगत नव्हते. मग जाताना मला सांगितलं. मी थोरला, चाळीस वर्षं त्यांच्या बरोबरीनं राबलो, आणि मला काय मिळालं, तर नुसते काटे दिसतात. ते वाक्य मला डसलं. दगड मी त्या वाक्यावर उचलला. जड लागला नाही.

आप्पांचं खरं होतं. मला दिसत नव्हतं. यंदा थोडंसं दिसलं, तेही एका परक्या बाईंनी मान धरून दाखवलं तेव्हा. तुला ते कुणी न दाखवता दिसायचं.

तर त्यांचं वाक्य तुझं होतं. जमीन नकाशावर होती, ती परत करता आली. हे वाक्य कुठल्याच नकाशावर नव्हतं, फक्त माझ्याकडे होतं. मी मेलो असतो तर तेही गेलं असतं, आणि तुला कधी कळलं नसतं की आप्पांनी तुला पाहिलं होतं. ही माझी खरी चोरी. आज परत करतोय. तू आप्पांच्या आवाजात वाच, माझ्या नको.

"त्याला त्याच्या आतलं दिसतं."

पत्र वहिनीकडे देतो. तू उठलास की ती देईल. मी बाकावर आहे. तुला उद्याच्या गाडीनं जायचं असेल तर जा, मी वाईट वाटून घेणार नाही. बाहेर आलास तर काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. सरकून जागा करीन.

दादा